पडद्यामागे चार आणे

देवगडच्या बंदरावर, सुक्या बोंबलांच्या वळ्यांपलीकडे,
दिवाळी सरली की दाजी मयेकराचा तंबू उभा राहायचा.
समोर बसायला आठ आणे. पडद्यामागे चार.
आई समोर, बायकांच्या दोरीपलीकडे, डोक्यावर पदर घेऊन.
आम्ही मागे, ओलसर वाळूत:
मी, ताऱ्यांची सुरंगा, आणि शमीम मुकादम,
जी घरच्यांच्या लेखी मावशीकडे गेलेली असायची.

पडदा जुन्या शिडाचा.
खाडीवरून वारा सुटला की फुगायचा
आणि नायकाचा गाल सुजायचा
दाढ दुखत असल्यासारखा.
तसाच तो प्रेमाचं बोलत राहायचा.

शुक्रवारी पहिल्या खेळाआधी
मशीनवरचा पास्कू फर्नांडिस नारळ फोडायचा.
गळ्यात क्रूस, हातात कोयती.
कुणी काही बोललंच तर दाजी म्हणायचा,
"मशीन काय जात इचारता?"
खोबरं वाटत पास्कू आमच्यापर्यंत यायचा.
मी हात पुढे करायचे.
तो हसायचा. "दुसरो."

मी डावरी.
तीर्थ उजव्या हातात. पैसे उजव्या हाताने.
जेवताना डावा हात मांडीखाली, मुंग्या येईपर्यंत.
निघताना "जाते" नाही, "येते" म्हणायचं, हे मला जमलं.
दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, हेही.
भाताचा घास मात्र आधी डाव्या हातालाच आठवायचा.
"मेले, लोक काय म्हणतले?"
लोक म्हणजे कोण, ते कधी कळलं नाही.
आमच्याकडे जेवायला कुणी येतच नसे.

पडद्यामागे सगळं उलटं.
नावं उलटी उमटायची; शमीमला सरळही वाचता येत नव्हतं,
तेवढ्यापुरत्या आम्ही तिघी सारख्या.
हवालदार डाव्या हाताने सलाम ठोकायचा.
नायिका डाव्या हाताने पत्र लिहायची
आणि रडून झालं की डाव्यानेच डोळे पुसायची.
एका लग्नात तर पंगतच्या पंगत
डाव्या हाताने जिलेबी खात होती,
म्हातारे, भटजी, नवऱ्याचा मामा,
आणि कुणी कुणावर ओरडत नव्हतं.
मी मांडीखालून हात काढला. वाळू झटकली.

मग एकदा पौराणिक लागला.
देव प्रकटले तशा पलीकडे बायका उठल्या.
पडद्यावर नाणी आपटायला लागली, गारांसारखी.
कुणीतरी कापूर लावला;
मशीनमागून पास्कू ओरडला, "शिडाक आग लागात गे!"
मी उभी होते, शिडाला नाक लावून.
देवाने हात वर केला.
डावा.

घरी येताना, गॅसबत्तीच्या उजेडात, आईला सांगितलं,
"देव डावरो हा."
पाठीत धपाटा बसला.
मग दहा पावलं गेल्यावर तिने विचारलं,
"खयसून बघलंस?"

तंबूच्या जागी आता बर्फाचा कारखाना आहे.
शमीम मस्कतला. सुरंगाचं काही कळत नाही.
आई आणि मी मात्र अजून भांडतो
एका खलनायकाच्या गालावरच्या मसावरून.
ती म्हणते उजव्या. मी म्हणते डाव्या.
सिनेमाचं नाव दोघींनाही आठवत नाही,
शेवटी तो मेला की सुधारला, तेही नाही.

गेल्या श्रावणात तिची उजवी बाजू गेली.
संध्याकाळी टीव्ही लावून मी तिच्यापुढे मऊभात ठेवते,
कडेला चिमूटभर सुकटीची चटणी.
ती आधी दाराकडे बघते, कुणी येतंय का.
मग डावा हात ताटात नेते. अर्धा घास पदरावर.
"अशी नाही, बोटं जवळ घे," मी म्हणते, "आणि अंगठ्याने ढकल,"
आणि दाखवते, माझ्या ताटातून.
दोघी जेवतो. पडद्यावर कुणाचं तरी लग्न मोडतंय.
घास तोंडात असतानाच ती म्हणते,
"मस उजव्याच गालार होतो."